विश्वासराव वाचले ती गोष्ट

प्रश्न : शाळेत असताना एक विज्ञानकथा वाचली होती. पानिपतात मराठे जिंकतात, एवढंच आठवतं. गणपतीची सोंडही त्यात होती का? (एक वाचक, राजापेठ, अमरावती)

उत्तर : राजापेठच्या या वाचकाच्या डोक्यात जयंत नारळीकरांच्या दोन कथांची सरमिसळ झालेली दिसते. सोंडेची कथा वेगळी, ‘उजव्या सोंडेचा गणपती’. तिच्यात डाव्या-उजव्याची अदलाबदल आहे, समांतर विश्व नाही.

पानिपतची कथा म्हणजे ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर समांतर विश्वातल्या अशा मुंबईत पोचतात, जिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून ठाण मांडून आहे. कारण 1761 मध्ये पानिपतच्या लढाईत पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना लागायची ती गोळी तिथे कानाजवळून निसटलेली असते आणि मराठे जिंकलेले असतात! गंमत म्हणजे पंत रिकाम्या हाताने परतत नाहीत. त्या जगातल्या बखरीचं फाटकं पान खिशात निघतं. पुराव्याची ही युक्ती एकदा वाचली की विसरत नाही, म्हणून ओळख पटवायला तीच खूण धरावी.

कथा शोधताना मासिकाच्या अंकाचं नाव आठवत बसू नये, लेखकाच्या कथासंग्रहांच्या अनुक्रमणिका चाळाव्यात. घरात अकरावीचं कोणी असेल तर एनसीईआरटीच्या ‘हॉर्नबिल’ या इंग्रजी पुस्तकात ‘द अॅडव्हेंचर’ नावाने हीच कथा संक्षिप्त रूपात सापडेल.