गबाळा, वेंधळा, करंटा आणि त्यांचे परदेशी भाऊबंद

प्रश्न : इंग्रजी मालिका पाहताना ‘श्लेमील’, ‘नेबिश’, ‘क्लट्झ’ असे शब्द कानावर येतात. गबाळ्या, वेंधळ्या माणसाविषयी बोलणं चाललंय हे समजतं, पण शब्द इंग्रजी वाटत नाहीत. ते आले कुठून? आणि आपल्याकडच्या अशा शब्दांची कुळकथा काय?
– एक वाचक, अंबड, जि. जालना

उत्तर : तुमचा कान बरोबर आहे. हे शब्द यिडिश भाषेतले. मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची ही घरची बोली. तिचा सांगाडा जर्मन कुळातला, लिपी हिब्रू, आणि शब्दांत हिब्रू व स्लाव्ह भाषांची भरपूर भर. १८८१ पासून रशियन साम्राज्यात ज्यूंवर हल्ले सुरू झाले. तेव्हापासून १९२४ च्या कायद्याने अमेरिकेचे दरवाजे जवळजवळ बंद होईपर्यंत वीस लाखांहून अधिक ज्यू तिकडे गेले. त्यांतले अनेकजण न्यूयॉर्कमध्ये दाटीवाटीच्या घरांत राहिले. त्यांची मुलं रंगभूमी, रेडिओ, सिनेमात शिरली आणि आईच्या तोंडचे शब्द विनोदाच्या वाटेने इंग्रजीत रुजले. १९६८ मध्ये लिओ रोस्टन यांचं ‘द जॉइज ऑफ यिडिश’ आलं, तोवर ते सर्वांच्या ओळखीचे झाले होते. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंचा मात्र यिडिशशी संबंध नाही. पूर्वी तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’ मराठीच बोलत आले.

यिडिशमध्ये प्रत्येक प्रकारच्या माणसाला वेगळा शब्द आहे. जेवताना रस्सा सांडतो तो श्लेमील आणि ज्याच्या अंगावर सांडतो तो श्लिमाझल, असा त्यांच्यातला जुना खुलासा. आपल्याकडे पहिला वेंधळा, दुसरा कमनशिबी. ‘श्लिम’ म्हणजे वाईट आणि ‘माझल’ हा नशिबाला हिब्रू शब्द. नेबिश म्हणजे कुणाच्या खिजगणतीत नसलेला, दबलेला माणूस. त्याच्या मुळाशी स्लाव्ह भाषांतून आलेला, कीव दाखवणारा उद्गार आहे. आपला ‘बिचारा’ असाच फारसीतून आला. ‘बे-चारा’, ज्याच्यापुढे उपाय उरला नाही तो. क्लट्झचा मूळ अर्थ लाकडाचा ओंडका, आणि आपणही मख्ख माणसाला ठोकळा म्हणतोच. श्मेंड्रिक हे तर नाटकातल्या पात्राचं नाव. अब्राहाम गोल्डफाडेन यांच्या १८७७ च्या संगीत प्रहसनातला हा बावळट मुलगा पुढे सामान्यनाम झाला. आपले सोमा आणि गोमा तसेच ‘सोम्यागोम्या’ झाले.

आता आपली कुळकथा. गबाळ म्हणजे अस्ताव्यस्त सामानसुमान, बोचकं. त्यावरून माणूस गबाळा. अजागळ हा शब्द संस्कृतातल्या ‘अजागलस्तन’ या कल्पनेकडे नेतो. शेळीच्या गळ्याला लोंबणारे हे स्तन दिसतात, पण दूध देत नाहीत. पारोसा हा ‘पर्युषित’ म्हणजे शिळा, यातून आलेला. टिनपाट थेट इंग्रजीतून घेतला. तुमचा मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. दफ्तरात आणि शाळांत उर्दूचा वरचष्मा होता. त्यामुळे अरबी-फारसीतून आलेले नालायक, बेअक्कल असे शब्द इथे पक्के मुरले. मोंढ्यातलं बारदान घ्या. फारसीत ‘बार’ म्हणजे ओझं आणि बारदान म्हणजे ते भरायचं साधन. धान्य ओतून घेतल्यावर उरलेलं रिकामं पोतं, आणि त्यावरून ‘येडं बारदान’. जालन्यासारख्या व्यापारी गावात हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आणखी एक नातं सांगण्यासारखं आहे. एखाद्या गोष्टीचा तोरा उतरवायचा तर यिडिशच्या वळणाने इंग्रजीत ‘फॅन्सी-श्मॅन्सी’ म्हणतात. शब्दाची सुरुवात काढून तिथे ‘श्म’ बसवतात. आपण ‘डिग्रीबिग्री’, ‘फॅशनबिशन’ म्हणतो आणि जालन्याच्या दखनी बोलणाऱ्या घरांत ‘चाय-वाय’ चालतं. दूरदूरच्या भाषांनी एकच युक्ती वापरली आहे.

या सगळ्या शब्दांचा सर्वांत मोठा पारखी मात्र तुमच्याच जिल्ह्यातला. समर्थ रामदास १६०८ मध्ये घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी जन्मले. त्यांच्या दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा, दहावा पढतमूर्खाचा, आणि एकोणिसाव्या दशकात करंटलक्षण. दात, डोळे, नाक, हातपाय, कपडे ज्याचे कायम मळके, त्यालाही त्यांनी मूर्खांच्या यादीत बसवलं आहे. पण एवढ्यावर ते थांबत नाहीत. यादीचा मोठा भाग माणूस वागतो कसा याचा आहे. यिडिशमधला श्लिमाझल नशिबाचा मारलेला, म्हणून कीव करण्याजोगा. समर्थांचा करंटा आळसाने आणि वाईट सवयींनी आपलं नशीब स्वतः बिघडवतो, म्हणून तो सुधारूही शकतो. ही लक्षणं टाकून देण्यासाठी सांगितली, असं ते स्पष्ट म्हणतात. दुसऱ्याला चिकटवायला ही यादी नाही. ती वाचणाऱ्याने स्वतःवर लावून पाहायची आहे.

म्हणून वापराबद्दल माझं मत ठाम आहे. आई लेकराला ‘गबाळ्या, शर्ट नीट खोच’ म्हणते तेव्हा त्यात काळजी असते, आणि लेकराला ती कळते. तोच शब्द मुलाखतीला आलेल्या उमेदवाराला, दुकानात शिरलेल्या शेतकऱ्याला किंवा वसतिगृहातल्या नव्या मुलाला लावला, तर आपण त्याची गरिबी मोजतो, त्याची लायकी नव्हे. यिडिश शब्दांचंही तेच. ते घरात, आपल्या माणसांनी आपल्या माणसांसाठी घडवले. दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या सुमारे ६० लाख ज्यूंपैकी बहुतेकांची बोली यिडिश होती. हे शब्द हसत वापरताना एवढं ध्यानात असावं. आणि एक सावधगिरी : ‘श्मक’ हा शब्द इंग्रजीत सहज ऐकू येतो, पण यिडिशमध्ये तो अश्लील आहे, चारचौघांत टाळलेला बरा. अंगावर मळका सदरा असलेल्या अनोळखी माणसासाठी मात्र कोणत्याच भाषेतला शब्द शोधू नये. आधी त्याचं काम काय आहे ते विचारावं.