तळ्याचा काठ : जलरक्षणाचे व्रत

गोंदिया हा तळ्यांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. वैनगंगेच्या या खोऱ्यात कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी जमिनीचा उतार पारखून बांध घातले आणि धानशेतीसाठी पावसाचे पाणी साठविले. नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय याच परंपरेतील होय. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि हे तलाव शासनाकडे गेले. ‘माजी मालगुजारी’ या नावावरूनच त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात.

काठाचे कार्य

तलावाचे आयुष्य त्याच्या काठावर अवलंबून असते. कहू (अर्जुन), जांभूळ, करंज यांची मुळे माती धरून ठेवतात. गवत व लव्हाळे वाहून येणारा गाळ अडवितात. उथळ पाण्यातील वनस्पतींच्या आश्रयाने मासे अंडी घालतात. ऋषिपंचमीच्या व्रतात बैलाच्या कष्टाविना उगवलेले अन्नच ग्राह्य मानतात. पाणथळ जागी आपोआप उगवणाऱ्या देवधानाला म्हणूनच मान आहे.

काठावरील संकट

मूळची दक्षिण अमेरिकेतील बेशरम ही वनस्पती अनेक तलावांत माजली आहे. गुरे तिला तोंड लावीत नाहीत आणि तुटलेली फांदीही पुन्हा रुजते. तिच्या दाटीत देशी वनस्पती नाहीशा होतात, मासे घटतात आणि मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांच्या चुलीवर संकट येते.

अर्जुनी मोरगावचा धडा

अर्जुनी मोरगाव परिसरात श्री. मनीष राजनकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवर समाजाच्या पारंपरिक ज्ञानाच्या आधारे तलावांचे पुनरुज्जीवन हाती घेतले. बेशरम मुळासकट उपटण्यात आली, उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तळाची नांगरट करण्यात आली आणि पावसाळ्यात देशी पाणवनस्पती लावण्यात आल्या. या कामात ढिवर महिलांनी पुढाकार घेतला. हळूहळू स्थानिक मासे व पाणपक्षी परतू लागले. केवळ गाळ उपसून तलाव जिवंत होत नाही. त्याची हिरवाईही परत आणावी लागते, हे या कार्याने दाखवून दिले.

भाविकांसाठी

१) निर्माल्य पाण्यात न सोडता निर्माल्य कलशातच टाकावे.
२) काठावरील झाडे तोडू नयेत, लव्हाळे उपटू नयेत.
३) उपटलेली बेशरम काठावर टाकू नये, ती पूर्ण वाळवून नष्ट करावी.
४) वृक्षारोपणाचा संकल्प असल्यास कहू, जांभूळ, करंज यांसारखी देशी रोपेच निवडावीत.

तीर्थाचे पावित्र्य त्याच्या पाण्यात असते आणि पाण्याचे रक्षण त्याचा काठ करतो. काठ राखणे हीदेखील देवाची सेवाच होय.