पदराचा फोटो लहान करताना

अगं, तू पाठवलेले फोटो बघितले. पैठणी देखणी आहे, पण पदरावरच्या मुनिया पक्ष्यांची लाल चोच आजूबाजूच्या जरीत मिसळून गेलीय. येवल्यात तुमच्या मागावर कितीतरी दिवस बसून कुणीतरी ती चोच विणलीय, आणि फोटोत तीच पुसली गेली याचं मला खरंच वाईट वाटलं. फोटो लहान करायलाच हवेत, नाहीतर गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर पान उघडेपर्यंत ते दुसरीकडे निघून जातं. पण कशाने आणि कसे लहान करायचे, ते जरा नीट बोलू या.

हातमागाची पैठणी घेणारी जाणकार बाई काय करते? पदर उलटा करून बघते. मागच्या बाजूलाही नक्षी तितकीच स्वच्छ आहे ना, सुटे धागे लोंबत नाहीत ना, हे ती पारखते. ऑनलाइन तिला हात लावता येत नाही, म्हणून ती फोटो मोठा करून बघते. त्या फोटोत कडा फुटल्या, तर हातमागाची अस्सल साडीही तिला यंत्रमागाची वाटू शकते. म्हणून तुझ्यासाठी हा धंद्याचाच प्रश्न आहे.

चोच का पुसली जाते ते सांगते. १९९२ पासून वापरात असलेलं जेपेग हे फोटो साठवण्याचं रूप आपल्या डोळ्यांच्या सवयीवर चालतं. उजेड-अंधारातला फरक आपल्याला बारीक दिसतो, रंगातला तितका नाही. म्हणून बहुतेक सॉफ्टवेअर उजेडाची माहिती पूर्ण ठेवतात आणि रंगाची मात्र चार पिक्सेल मिळून एकदाच नोंदवतात. माणसांच्या, डोंगरांच्या फोटोत हे कळतही नाही. सोनेरी जरीवर लाल, राणी रंगाशेजारी पोपटी असं आलं की मात्र लगेच कळतं. याला क्रोमा सबसॅम्पलिंग म्हणतात, आणि ते बंद करता येतं. गिम्प या फोटो-संपादकात जेपेग काढताना सबसॅम्पलिंगमध्ये ४:४:४ निवड, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग वेगळा नोंदला जातो. ब्राउझरात चालणाऱ्या स्क्वूशमध्ये मॉझजेपेग हा पर्याय घेतलास की ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये तीच सोय आहे.

त्याआधी फोटोची लांबी-रुंदी कमी कर. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच सगळे विसरतात. मोबाईलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. तो १६०० बाय १२०० केलास की पिक्सेल सहाव्या हिश्श्याहूनही कमी उरतात. मोबाईलने बहुधा मुळातच रंगाची माहिती लांबी-रुंदीत निम्मी करून ठेवलेली असते, पण फोटो निम्म्याहून लहान केला की उरलेल्या प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग पुरतो. मग ४:४:४ ठेवलंस की चोच चोचीसारखी दिसते. क्वालिटी ८० च्या आसपास ठेवून बघ. पण तो आकडा म्हणजे टक्के नव्हेत, आणि एका सॉफ्टवेअरचे ८० दुसऱ्याच्या ८० सारखे नसतात. डोळ्यांवर विश्वास ठेव.

वेबपी फाइल छान लहान होते, हे खरं. पण साध्या लॉसी वेबपीत रंगाची माहिती नेहमी तशीच निम्मी राहते, तिथे ४:४:४ मिळतच नाही. पूर्ण साडीच्या फोटोला चालेल, पदराच्या जवळच्या फोटोला नको. दरपत्रक किंवा लोगो पीएनजीत असेल, तर काहीच न गमावता लहान करायला ऑक्सिपीएनजी. मोजक्या रंगांवर भागत असेल, तर पीएनजीक्वांट. ढीगभर फोटो एकदम करायचे असतील, तर विंडोजवर सीझियम सोपं आहे. मूळ फोटो मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेव. जेपेग लहान करणारं जेपेगऑप्टिम तर काही न विचारता मूळ फाइलवरच लिहितं, म्हणून त्याला नेहमी प्रतच दे.

फोटोसोबत साठवलेली माहिती, म्हणजे मेटाडेटा, काढून टाक. तुमचा माग घरातच आहे, आणि लोकेशन सुरू असेल तर मोबाईल त्या घराचे अक्षांश-रेखांश फोटोत लिहून ठेवतो. फक्त कलर प्रोफाइल काढू नकोस. आयफोनच्या फोटोतून ते गेलं, तर राणी रंग फिका पडतो.

आता दुसरं, ज्याची मला जास्त काळजी आहे. तू बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरतेयस. ती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसला फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागते. नाशिकला कॉलेज रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानांत मुली आपला फोटो, सही, आधार सगळं एखाद्या अनोळखी वेबसाइटवर चढवतात आणि ‘साईज कमी करून’ घेतात. बाई गं, फोटो, सही आणि आधार हे तिन्ही एकत्र परक्याच्या सर्व्हरवर का ठेवायचं? सही आधी नीट कापून घे, १४० बाय ६० पिक्सेलची कर, बरंचसं काम तिथेच होतं. उलट १० केबीच्या खाली गेली, तर क्वालिटी थोडी वाढव. स्क्वूश ब्राउझरात उघडत असलं, तरी काम तुझ्याच मशीनवर करतं. पान उघडल्यावर वायफाय बंद करून बघ, तरीही फोटो लहान होतो.

वर सांगितलेली ही साधनं ओपन सोर्स आहेत, पण ओपन सोर्स आहे म्हणून डोळे झाकून काही घेऊ नकोस. शेवटची आवृत्ती कधी आली, तक्रारींना कुणी उत्तर देतं का, परवान्याची फाइल आहे का, एवढं तरी बघ. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपीच्या लायब्ररीत गंभीर त्रुटी सापडली, तेव्हा क्रोम, फायरफॉक्स सगळ्यांना तातडीने अपडेट काढावे लागले. कोड उघडा असल्यामुळे दुरुस्ती काय झाली तेही कुणालाही तपासता आलं. पण ज्यांनी अपडेट घेतलाच नाही, त्यांना त्याचा काय उपयोग? आणि डाउनलोड नेहमी मूळ प्रकल्पाच्या पानावरून कर. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नकोस.

पुढची साडी मागावरून उतरली की पदराचे दोन फोटो काढ, एक पुढून, एक मागून, खिडकीच्या उजेडात. व्हॉट्सॲपवर मला डॉक्युमेंट म्हणून पाठव, कारण फोटो म्हणून पाठवलास तर तो तिथेच पुन्हा दाबला जातो. मी सबसॅम्पलिंग ठेवून आणि बंद करून, अशा दोन्ही पद्धतींनी लहान करून तुला परत पाठवते. तुझ्या आईला दाखव, आणि तिला कुठला पटतो ते मला कळव.