राजूर घाटातला परिसर अभ्यास

तिसरीला आपला जिल्हा शिकवताना ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ हे शब्द येतातच. मुलं ते घरी रोज ऐकतात, पण म्हणजे काय विचारलं की गप्प. ते समजायला मलकापूरहून बुलडाण्याला जाणारी एसटी पुरे.

मोताळा सोडलं की थोड्या वेळात सपाट काळं रान संपतं आणि राजूर घाट लागतो. हा अजिंठ्याच्या डोंगराचा कडा. पावसाळ्यात सगळं हिरवंगार असतं. वळणावर मागे पाहिलं की पूर्णेचं खोरं पसरलेलं दिसतं. जुन्या वऱ्हाडात खालच्या भागाला पायनघाट आणि वरच्याला बालाघाट म्हणत. इथे मुलांना पाणी दाखवा. नळगंगेचं पाणी पूर्णेतून तापीला आणि अरबी समुद्राला जातं. पैनगंगाही बुलडाणा तालुक्यातच उगवते, पण ती वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशी थेट बंगालच्या उपसागराला! एका तालुक्याचा पाऊस दोन समुद्रांना.

आता खड्डे. ते मोजायला लावू नका, कुठे पडलेत ते बघायला लावा. डोंगराकडची नाली दगडमातीनं बुजली की पाणी रस्त्यावरून वाहतं, भेगांतून डांबराखाली शिरतं, खडी सुटते आणि वरून ट्रक गेला की खड्डा तयार. दरीकडची साइडपट्टीही अशीच खचते. घाटाखाली कारण वेगळं आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून तिथला रस्ता वरखाली होतो. नाली तशीच ठेवून नुसता मुरूम टाकला, तर पुढच्या पावसात खड्डा पुन्हा तिथेच.

पालकांना एक विनंती. मुलाला टाकीवर बसवून घाट चढू नका. खड्डा चुकवायला आपण गाडी उजवीकडे ओढतो आणि वळणापलीकडून ट्रक येत असतो. पाणी भरलेल्या खड्ड्याची खोलीही कळत नाही. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम मुलांना सांगा आणि का ते त्यांनाच विचारा. सायकल चालवणारं पोर बरोबर उत्तर देतं.

वर्गात ट्रेमध्ये मातीचा उतार करा, त्यावर आडवा रस्ता आणि कडेला चर काढा. वरून पेलाभर पाणी ओता. मग चर बुजवून पुन्हा ओता. माझ्या वर्गात लगेच प्रश्न आला, “मॅडम, खरी नाली कोण साफ करतं?” त्यातूनच आमचं पत्रलेखन सुरू झालं, बांधकाम विभागाला. ‘रस्ता फार खराब आहे’ एवढंच लिहिलेली पत्रं मी परत दिली. कितव्या किलोमीटरच्या दगडाजवळ, आणि तिथली नाली उघडी आहे की बुजलेली, तेवढं लिहून आणा म्हटलं.