तुळशीनं मान टाकली म्हणून

अगं, आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाक. तुळशीनं मान टाकली त्यात तुझ्या पायगुणाचा काही संबंध नाही. उन्हाळ्यात लग्न होऊन तू कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्या फ्लॅटमध्ये आलीस आणि आषाढात कुंडीतली तुळस वाकली, की घरात कुजबुज व्हायचीच. सासूबाई तोंडानं काही बोलल्या नसतील. पण कुंडीकडे बघून त्यांनी सुस्कारा टाकला आणि तो तुला लागला, हे फोनवरच्या तुझ्या आवाजावरून कळलं मला. आपल्याकडे घरातला नळ गळला तर प्लंबर बोलावतात आणि तुळस वाळली तर नव्या सुनेकडे बघतात.

तू म्हणालीस, "ताई, रोज न चुकता पाणी घालते, तरी असं कसं?" त्यातला 'तरी' काढ आणि 'म्हणूनच' घाल. तुझं उत्तर तिथंच आहे.

नीट बघ काय झालंय ते. मे महिन्यात कुंडी गॅलरीत होती. ऊन, वारा, सगळं होतं. तेव्हा तांब्याभर पाणी संध्याकाळपर्यंत उडून जायचं. मग पाऊस लागला. आपल्याकडचा पाऊस तो, सरळ थोडाच पडतो, आडवा येतो. ग्रिलमधून झड आत येते म्हणून तुम्ही कुंडी उचलून हॉलमध्ये टीव्हीशेजारी आणून ठेवली. ऊन गेलं. हवा इतकी दमट की दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. पानांतून पाणी उडायचं कमी झालं, म्हणजे मुळांनी पाणी ओढायचंही कमी झालं. तांब्या मात्र तोच राहिला. तुझा एक सकाळी, सासूबाईंचा एक पूजेनंतर, आणि सासरे फिरून आले की पेल्यातलं उरलेलं पाणी तिथंच ओततात, हे तूच सांगितलंस. राजाराम बंधाऱ्याशी पुराच्या पाण्याची पातळी आपण रोज पेपरात वाचतो, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. तुझ्या हॉलमधल्या कुंडीला पट्टी कुणी लावलीच नाही.

आता यातली खरी मेख सांगते. पाणी कमी पडलं तरी झाड मान टाकतं आणि पाणी जास्त झालं तरी मान टाकतं. लांबून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून कितीतरी झाडं उपचारानंच मरतात. पान ताठ राहतं ते त्याच्या पेशींत पाणी भरलेलं असतं म्हणून. ते पाणी मुळांनी वर पाठवायचं असतं आणि मुळांना ते काम करायला हवा लागते. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यांतून ती मिळते. त्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की प्राणवायू मुळांपर्यंत जवळजवळ पोचतच नाही, कारण पाण्यातून तो हवेच्या मानानं सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. मुळं गुदमरतात आणि पाणी आत घ्यायचं बंद करतात. म्हणजे झाड पाण्यात उभं आणि पानं तहानलेली. आपण पान बघतो, 'अगं बाई, सुकलं' म्हणतो आणि आणखी एक तांब्या ओततो.

दोन्हींतला फरक हाताला कळतो. तहानेनं वाकलेलं पान लुळं असतं, बोटांत धरलं तर ओल्या फडक्यासारखं लोंबतं, आणि कोवळे शेंडे आधी वाकतात. जास्त पाण्यानं वाकलेल्या पानात सुरुवातीला चांगला ताठपणा असतो, फक्त देठ खाली वळलेला असतो. त्याचं कारण मजेशीर आहे. गुदमरलेल्या मुळांत एक द्रव्य तयार होतं, ते खोडातून वर चढतं आणि पानात गेलं की त्याचं इथिलीन होतं. केळी पिकवायला वापरतात तोच हा वायू. त्याच्यामुळं देठाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा जास्त वाढते आणि पान खाली झुकतं. टोमॅटोच्या रोपात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. तुळशीचं पान लहान, म्हणून नुसतं बघू नकोस, हात लाव. पुढं खालची पानं पिवळी पडून गळायला लागतात. खोड मातीलगत काळं, मऊ झालं तर मात्र प्रकरण बरंच पुढं गेलंय असं समज.

तर पान वाकलेलं दिसलं की तांब्या खाली ठेव आणि मातीत बोट घाल. वरवर नाही, दुसऱ्या पेरापर्यंत. आत गार, चिकट लागलं तर पाणी नको. वरून कोरडं दिसतंय म्हणून फसू नकोस, विशेषतः नर्सरीवाल्यानं कोकोपीट घातलं असेल तर. ते वरून फिकट भुरकट दिसतं आणि खाली चिखल असतो. कुंडी उचलून बघायची सवय लाव. ओली कुंडी आणि कोरडी कुंडी यांचं वजन एकदा हाताला कळलं की मग बोटसुद्धा घालावं लागत नाही. आणि वास घे. निरोगी मातीला पहिल्या पावसाचा वास असतो, मुळं कुजलेल्या मातीला गटाराचा. सासूबाई म्हणतील, ही सून कुंडी हुंगत बसलीय. म्हणू देत.

वेळही बघ. एप्रिलमध्ये भर दुपारी वाकलेली आणि संध्याकाळी आपोआप सावरलेली तुळस आजारी नसते. उडून जाणारं पाणी मुळांच्या वेगापेक्षा जास्त होतं, एवढंच. तेव्हा घाबरून दुपारी पाणी घालू नकोस, त्यातून गच्चीवरच्या काळ्या टाकीचं तर मुळीच नको. त्या पाण्यानं आपला हात पोळतो, मुळांचं काय होत असेल? सकाळी वाकलेली दिसली तर मात्र लक्ष द्यायचं.

तुझी तुळस, तू सांगतेस त्यावरून, पाण्यानंच वाकलीय. अजून खोड हिरवट असेल, नखानं साल खरवडल्यावर आत ओलसर हिरवं दिसत असेल, तर वाचेल. आज दुपारी घर निवांत झालं की वर्तमानपत्र पसर आणि कुंडी आडवी करून झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढ. मुळं पांढरी, टणक असतील तर ती जिवंत. तपकिरी, बुळबुळीत, ओढली की साल हातात येणारी मुळं मेलेली. ती स्वच्छ कात्रीनं काप, दया दाखवू नकोस. मुळं कमी झाली म्हणजे वरचा पसाराही कमी करायला हवा, म्हणून शेंड्याकडून एक तृतीयांश छाटून टाक आणि सगळ्या मंजिऱ्या खुड. मग नव्या, मोकळ्या मातीत लाव, एकदाच बेतानं पाणी दे आणि खिडकीपाशी उजेडात पण उन्हाच्या तडाख्यात नाही, अशी ठेव. वरून वेगळं खत घालायचं नाही. आजारी माणसाला कुणी पुरणपोळी वाढत नाही.

छाटलेले शेंडे टाकू नकोस हं. मंजिरी न आलेले चार-पाच इंचांचे तुकडे घे, खालची पानं काढ आणि पेल्यात पाणी घेऊन त्यात उभे कर. आठ-पंधरा दिवसांत मुळं फुटतात. पाणी दर दोन दिवसांनी बदल. मूळ झाड गेलंच तर त्याचीच फांदी कुंडीत उभी असेल आणि सासूबाईंना सांगायला बरं, तुमचीच तुळस आहे म्हणून.

मातीबद्दल जरा ऐक, कारण अर्धा घोटाळा तिथंच असतो. तुझ्या कुंडीत गावाकडच्या शेतातली माती आहे ना? काळीभोर, कसदार, उसाला उत्तम. पण कुंडीत तीच माती दगड होते. ओली असताना गच्च बसते, सुकली की भेगाळते आणि कडेनं पाणी सरळ खाली निघून जातं. काळी माती वापरायचीच तर एक भाग घे, त्यात एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाडसर वाळू मिसळ. पन्हाळा-जोतिबाकडची तांबडी माती मिळाली तर आणखी चांगलं, ती पाणी धरून बसत नाही. तळाच्या भोकावर खापराचा एक तुकडा पालथा ठेव, भोक बुजलं नाही म्हणजे झालं. कुंडी शक्यतो मातीचीच घे. पापाची तिकटीला, बापट कॅम्पला कुंभारांकडं जाऊन बघ. मातीच्या कुंडीच्या अंगातूनही पाणी उडतं, म्हणून आपल्या पावसाळ्यात ती प्लॅस्टिकपेक्षा बरी. आणि भेट मिळालेली ती चकचकीत चिनी मातीची, खाली भोकच नसलेली कुंडी? तिच्यात पळ्या-चमचे ठेव.

हा कुंडीपुरता प्रश्न नाही बरं का. शिरोळ तालुक्यात जाऊन बघ. उसाला पाटानं पाणी देऊन देऊन, निचरा नसल्यामुळं कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या, वर पांढरा थर आला, पीक येईना. पाणी कमी म्हणून नाही, जास्त म्हणून. मग जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून ते पाणी बाहेर काढायची कामं झाली. शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्यानं शेतकऱ्यांना बरोबर घेऊन हे मोठ्या प्रमाणावर केलंय. ज्या जिल्ह्यात जाणते शेतकरी या चकव्यात सापडले, तिथं तुझ्यासारखी नवखी पोर तांब्यापायी फसली तर नवल काय! कुंडीच्या कडेला पांढरी खरबरीत पूड दिसते तीही त्याच जातीची, खतातले आणि बोअरच्या पाण्यातले क्षार. ती वरची माती इंचभर खरवडून टाक.

आणि तुळस खरंच तहानलेली निघाली, म्हणजे तुम्ही चार दिवस माहेरी गेलात आणि परत येऊन बघता तो सगळी लुळी, तर वरून पाणी ओतून उपयोग नाही. पार सुकलेल्या मातीत ते कडेनं सरळ खाली निघून जातं. बादलीत थोडं पाणी घेऊन कुंडी अर्धा तास त्यात ठेव, खालून ओढू दे, मग निथळत ठेव. संध्याकाळपर्यंत उभी राहते. जास्त पाण्याची तुळस इतक्या लवकर उठत नाही, तिला आठवडे लागतात. धीर धर.

पानं वाकण्याबरोबर वेडीवाकडी, चुरमुडलेली दिसली तर पान उलटं करून बघ. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण किंवा हिरवट काळा मावा असला तर पाण्याचा जोरदार फवारा मार, नाही गेला तर निंबोळी तेल. ते काही अवघड नाही.

अवघड आहे ते सासूबाईंचं. त्यांना शास्त्र सांगायला जाऊ नकोस. रोज तुळशीला पाणी घालणं हे त्यांचं पन्नास वर्षांचं व्रत आहे आणि वाड्याच्या अंगणातल्या वृंदावनात ते बरोबरही होतं. खाली जमीन होती, वर ऊन होतं, घागरभर घातलं तरी निघून जायचं. फ्लॅटमधल्या दहा इंची कुंडीचा हिशेब वेगळा. तेव्हा व्रत मोडायचं नाही, तांब्या बदलायचा. देवघरातली पळी कुंडीपाशी ठेव. 'आई, पळीनं घालूया का, फरशीवर सांडत नाही' असं म्हण. फरशीचं कारण सगळ्यांना पटतं. काही घरांत रविवारी आणि एकादशीला तुळशीला पाणी घालत नाहीत, ती रीत तुमच्याकडं असेल तर श्रद्धेनं पाळ, नसेल तर सुरू कर. हळद-कुंकू खोडाला लावण्यापेक्षा कुंडीला लावा, मातीत दुधाचं पाणी नको, त्यानं चिलटं होतात. आणि निरांजन पानांपासून हातभर लांब. एका बाजूचीच पानं करपलेली असतात ना, ती त्या ज्योतीनं.

कुंडी हॉलमधून मात्र हलव. तुळशीला पाच-सहा तास ऊन लागतं. ट्यूबलाइटवर ती जगत नाही. पाऊस असला तरी गॅलरीच्या आतल्या कडेला, झड लागणार नाही पण उजेड येईल अशी जागा शोध. खालच्या ताटलीतलं साचलेलं पाणी रोज ओतून टाक, नाहीतर तुळस जाते आणि डास राहतात. पावसाळ्यात त्या पळीशिवाय कदाचित आठवड्यातून एकदाच पाणी लागेल. कधी तेही नाही.

एवढं करूनही ती गेली तर? जाते गं. तुळस काही वडासारखी नाही, दोन-तीन वर्षांत खोड लाकडासारखं होतं, पानं बारीक पडतात आणि थंडीत तर ती तशीही मलूल होते. वारंवार मंजिऱ्या खुडल्या तर जास्त टिकते, कारण एकदा बी धरलं की तिचं लक्ष पानांतून जातं. थोड्या मंजिऱ्या वाळवून आत्ताच कागदाच्या पुडीत ठेव. श्रावणात बी पेरलंस तर दिवाळीनंतर तुळशीच्या लग्नाला हाताएवढं रोप उभं असेल. फक्त त्याच मातीत पेरू नकोस. मुळं कुजवणारी बुरशी त्या मातीत राहते. ती माती बाहेर काढ आणि ऊन पडलं की गच्चीवर पसरून चांगली तापव.