धूर पाहा, गाडीचा मर्ज ओळखा

व्यापारी बंधूंनो, जालन्याहून अंबड, परतूर, भोकरदनच्या आठवडी बाजाराला कापडाचे गठ्ठे नेणारी जुनी डिझेल पिकअप वाटेत बंद पडली, की त्या दिवसाचा गल्ला बुडालाच. म्हणून मेकॅनिककडे जाण्यापूर्वी मर्ज स्वतः ओळखावा.

काळा धूर : हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर साफ करा. फरक न पडल्यास नोझल तपासून घ्या.

निळा धूर : इंजिन ऑईल जळत आहे. बहुधा रिंगा झिजलेल्या असतात.

पांढरा धूर : इंजिन तापल्यावरही निघत असेल आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर हेड गॅसकेटचा संशय धरावा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये.

सेल्फ फिरत नसेल, तर नव्या बॅटरीचा खर्च करण्याआधी टर्मिनल घासून घट्ट करा.

ब्रेकचे पेडल खाली जात असेल, तर मात्र गाडी जागीच उभी करा. ब्रेक ऑईल गळत असेल किंवा पाइपात हवा शिरली असेल. बाजार पुढच्या आठवड्यात पुन्हा भरतो; गेलेला जीव परत येत नाही.

आणि गाडी विकाल तेव्हा हे ऐब घेणाऱ्याला सांगून विका. ऐब झाकून मिळवलेल्या पैशात बरकत नसते.