स्वस्ताईचा हिशेब

अमेरिकेंतील बोस्टन शहरीं एडवर्ड फायलीन या व्यापाऱ्यानें १९०९ सालीं आपल्या दुकानाच्या तळघरांत एक अभिनव विक्री सुरू केली. इतर दुकानांचा उरलेला व कारखान्यांचा जादा माल तेथें येई. प्रत्येक वस्तूवर ती विक्रीस मांडल्याची तारीख असे. विक्रीचे १२ दिवस लोटले कीं किंमत शेंकडा २५ नें उतरे; १८ दिवसांनीं ५० नें, २४ दिवसांनीं ७५ नें; आणि ३० दिवसांनींही जें न खपे तें धर्मादाय दिलें जाई. हें मूळ तळघर २००७ सालीं बंद झालें. तथापि त्याच्या रीतीपासून आपणांस पुष्कळ शिकतां येईल.

समजा, तेथें १० डॉलरांचा एक कोट आहे. १२ दिवसांनीं तो साडेसातांस, १८ दिवसांनीं पांचांस मिळेल. परंतु तोंवर दुसऱ्यानें नेला तर? थंडी तोंडावर आली असून घरांत कोट नसेल, तर थांबणें शहाणपणाचें नव्हे. यास्तव आधीं आपली गरज व पदरचा पैसा पाहावा, मग किंमत. शिवण, अस्तर, बटणें उजेडांत तपासावीं. नको असलेला कोट अडीच डॉलरांस घेतला, तर साडेसात वांचले असें नव्हे, अडीच गेले.

आपल्याकडील 'सेल'च्या पाटीपुढें उभे राहतांनाही आम्ही विद्यार्थ्यांस हेंच सुचवितों: घरून यादी करून निघावें, आणि यादीबाहेरील वस्तु घेण्यापूर्वीं वडील मंडळींस विचारावें.